नऊ राजे आणि एक भाकड गाय

त्याने माझ्या डोळ्यांत सूर्य फेकला, तेव्हा मला त्याचे नावही ठाऊक नव्हते.

डब्लिनच्या वायव्येला, लेट्रिम परगण्यात, ऊन ही बहुतेक वेळा अफवाच असते. त्या मंगळवारी मी छत्री उघडूनच किलाव्हॉनच्या पडक्या चर्चच्या आवारात शिरले होते. एकाएकी ढग फाटले, गवतातून एक झगझगीत तिरीप उठली आणि थेट माझ्या चष्म्यावर आदळली. पाहते तो एका कललेल्या शिळेपाशी एक तरुण पोटावर पालथा पडलेला. हातात न्हाणीघरातला आरसा, केसांत गवत, आणि चेहऱ्यावर मासा गळाला लागल्याचा आनंद.

"सरका!" तो ओरडला. "अहो बाई, सावली पडतेय तुमची! तीन मिनिटांचं ऊन आहे, त्यातलं एक तुम्ही खाल्लंत!"

थडग्यांच्या आवारात भेटणाऱ्या माणसांविषयी माझे मत चांगले नाही, आणि ते अनुभवाने बनलेले आहे. मी जागची हलले नाही.

"ब्रश कुठे आहे?" मी विचारले.

"कसला ब्रश?"

"तारेचा. नाहीतर दाढीचा फेस, ब्लीच... थडगी घासून नावं वाचायला तुमच्यासारखी माणसं जे काही घेऊन येतात ते."

"माझ्यासारखी म्हणजे?"

"पूर्वज शोधणारी."

तो हसला. "पूर्वज कशाला? एक जिवंत काका आहे, तोच मला पुरून उरलाय. मी अक्षरं शोधतोय. या, बसा इथं. छत्री मिटा आधी."

का कोण जाणे, मी छत्री मिटली. ओल्या गवतात गुडघे टेकून बसले. त्याने आरसा जरासा कलता धरला; तिरपा उजेड शिळेवरून सरपटत गेला, आणि दोनशे वर्षांच्या पावसाने पुसून टाकलेली अक्षरे, झोपेतून उठावीत तशी एकेक करून वर आली.

"हा 'आर' बघा," तो हळूच म्हणाला. "पाय कसा झोकात टाकलाय पठ्ठ्यानं! कोरणाऱ्याला त्या दिवशी नाचायला जायचं असणार."

"याला पुरावा?"

"पाय."

मला हसू आले, आणि त्याचा रागही आला. मग ढग मिटले, उजेड गेला, अक्षरे पुन्हा दगडात परतली आणि भुरभुर सुरू झाली. मी छत्री उघडली. तो कपडे झटकत उभा राहिला.

"मोठी आहे छत्री," तो म्हणाला.

"एकाच माणसाची आहे."

"मग मी अर्धाच येतो."

फाटकापर्यंत तो खरोखरच अर्धा आला. डावा खांदा कोरडा, उजवा चिंब. "फेलिम," त्याने हात पुढे केला. तळहात दगडाच्या भुकटीने खरखरीत होता. "दगडावर अक्षरं कोरतो."

"डर्व्हला मॅकनॉला."

तो थबकला. "त्या मॅकनॉला? आमचा राजा ज्यांच्या ताब्यात आहे त्या?"

"तुमचा राजा?"

"माझं आडनाव ओ'मल्डार्न."

"म्हणजे आणखी एक युवराज," मी म्हटले आणि छत्री माझ्याकडे ओढून घेतली.

या देशात चार माणसे एकत्र आली की त्यांतली तीन राजवंशातली निघतात. चौथा अजून माझ्या खोलीपर्यंत पोहोचलेला नसतो. किलाव्हॉनच्या जुन्या न्यायालयात आता वाचनालय आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर वंशाभिलेखांची एक गळकी खोली, ती माझी. बॉस्टनहून, सिडनीहून माणसे येतात, आडनाव सांगतात आणि राजा मागतात. राजाचा आचारी आजवर कुणी मागितलेला नाही. राजांचे आचारी, गुराखी, त्यांची भांडी घासणाऱ्या बाया, ही सगळी माणसे बहुधा निपुत्रिक वारली. कुलचिन्ह माणसाला मिळते, आडनावाला नव्हे, हे मी बारा वर्षे सांगत आले आहे. ऐकणारे आदराने मान डोलावतात आणि खाली उतरून कुलचिन्हाचा मग विकत घेतात. खोट्या वंशावळींवर मी सहाशे पानांचा प्रबंध लिहिला. तो तिघांनी वाचला. त्यांतले दोघे परीक्षक होते; तिसरी माझी आई, तीही पहिल्या प्रकरणापर्यंतच.

ओ'मल्डार्नांचा राजा म्हणजे कोनाल दीर्घबाहू. हजार वर्षांपूर्वी टुलीनारीच्या टेकडीवर त्याचा राज्याभिषेक झाला म्हणे. येत्या जुलैच्या शेवटच्या रविवारी तिथे जगभरचे तीनशे ओ'मल्डार्न जमणार होते, कोनालच्या नावाची शिळा उभी राहणार होती, आणि कुलमंडळाचे अध्यक्ष मॅलकी ओ'मल्डार्न कुलप्रमुख होणार होते. हे मॅलकी फेलिमचे काका. वय चौऱ्याहत्तर, धंदा गुरांच्या लिलावाचा.

जुनी प्रथा अशी की, दरबारी वंशलेखकाने नव्या प्रमुखाची वंशावळ सर्वांसमक्ष मोठ्याने म्हटल्याखेरीज तो प्रमुख होत नाही. आणि म्हणून झाली की प्रमुखाच्या अंगावरचे वस्त्र आणि त्याचा घोडा वंशलेखकाच्या घराला मिळतो. ओ'मल्डार्नांचे वंशलेखक होते मॅकनॉला. मंडळाला माझी सही हवी होती आणि माझा आवाजही.

मी होकार दिला तो खोटे पकडण्यासाठी. हा हेतू मी कुणाला सांगितला नाही, हे इथे नोंदवणे भाग आहे. गुरांच्या बाजारामागे एक शेत आहे. बटाट्याच्या दुष्काळात सरकारी गरीबखान्यात मेलेली माणसे तिथे पुरली आहेत, किती ते कुणाला माहीत नाही, आणि तिथे नाव एकाचेही कोरलेले नाही. त्या गावात, न जन्मलेल्या राजासाठी दगड कोरला जात होता. माझा आवाज चढत नाही. पण त्या शेताशेजारून जाताना माझी बोटे गार पडतात.

आणि तो दगड कोरणार होता तो आरसेवाला!

पुढच्या गुरुवारी तो माझ्या खोलीत हजर झाला. "राजाचं स्पेलिंग विचारायचं होतं," तो म्हणाला. मी सांगितले. मंगळवारी तो पुन्हा आला. चार आठवड्यांत एवढ्याशा नावाचे स्पेलिंग त्याने सहा वेळा विचारले.

"तुम्हाला लिहून देऊ का?" सहाव्या वेळी मी म्हटले.

"नको. लिहून दिलंत तर सातव्यांदा काय विचारू?"

मी पुस्तकात डोके घातले. कान तापल्याचे त्याला दिसू नये, एवढीच त्यात विद्वत्ता होती.

तो समोर बसून हस्तलिखितांच्या छायाचित्रांची पाने उलटायचा. भाषा जुनी, त्याला कळत नसे. अक्षरांवरून बोट मात्र असे फिरवायचा, जणू आंधळ्याने चेहरा ओळखावा. एकदा त्याने समासातली बारीक ओळ दाखवली. "हे काय?"

"लेखकाची तक्रार. 'आज वारा फार आहे.' हे लोक समासात असं काहीबाही लिहीत. हात गारठलेत, शाई वाईट आहे, भूक लागलीय."

"मधल्या मजकुरात राजे, आणि बाजूला गारठलेले हात." तो विचारात पडला. "म्हणजे विद्वान लोक खरं बोलतात ते समासातच?"

"बहुतेक."

"मग तुमचा समास कुठे असतो?"

मी खिडकीकडे पाहिले. बाहेर सरोवरावर पाऊस चालत येत होता... "खोली पाच वाजता बंद होते," मी म्हटले.

"ही समासातली ओळ की मधली?"

त्याच्या कार्यशाळेत मी प्रथम गेले ते शिळा पाहायला; निदान वहीत तसे लिहिले आहे. पुरुषभर उंचीची करडी शिळा, तिच्यावर खडूने आखलेले कोनालचे नाव. छिन्नी लावलेली नव्हती.

"तुमची सही झाल्याशिवाय लावणार नाही," तो म्हणाला. "कागदावर चुकलं तर तुम्ही खोडता. मी चुकलो तर दगड हजार वर्षं खोटं बोलतो."

ही गोष्ट मला सहाशे पानांत सांगता आली नव्हती.

त्याने एका फुटक्या पाटीवर माझ्याकडून एक रेघ कोरून घेतली. माझ्या मुठीवर त्याची मूठ होती. हातोडीचे ठोके मनगटातून थेट छातीत पोहोचत होते — निदान मी त्यांनाच ठोके समजत होते. रेघ वाकडी गेली.

"वाईट आहे," मी म्हटले.

"फारच. ठेवून घेतो." मग फ्लास्कमधला चहा ओतता ओतता, सोडा-ब्रेडवर लोणी थापता थापता तो सहज म्हणाला, "पान दोनशे बारावर तू त्या बिचाऱ्या भिक्षूला फारच झोडपलंयस गं."

माझा कप हातातच राहिला. "माझा प्रबंध... तू वाचलास?"

"अजून अर्धा राहिलाय. रागावून लिहितेस छान. पण मला वाटतं, ज्यांची नावं राहिली नाहीत त्यांच्यासाठी तू रागावतेस. राजांवर तुझा एवढा राग नाहीच."

'तुम्ही' कधी गळून पडले ते दोघांच्याही ध्यानात आले नाही. चौथा वाचक मिळाला होता, आणि समीक्षा बरोबर होती.

समारंभाच्या आदल्या सोमवारी मी डब्लिनला जाऊन मूळ हस्तलिखित पाहिले. कातड्याचे पान, साडेचारशे वर्षांपूर्वीचे. ओ'मल्डार्नांची वंशावळ नीट चाललेली. कोनालपासून मात्र शाई बदललेली. नऊ राजे, एका दमात, एकाच बैठकीत लिहिलेले. वर जाऊन ती साखळी, या देशातल्या सगळ्याच साखळ्यांप्रमाणे, नोहाच्या नावेत बसवून दिलेली. मी पान दिव्याखाली कलते धरले. आरशाची युक्ती आता माझीही झाली होती. समासात पुसट अक्षरे उठली:

'मी, मुरेडाख मॅकनॉला, ओ'मल्डार्नांसाठी हे नऊ राजे लिहिले. ठराव तीन दुभत्या गाईंचा होता. एक भाकड निघाली. म्हणून दहावा लिहीत नाही. आज थंडी आहे.'

अशा एका ओळीसाठी माझ्या धंद्यातली माणसे आयुष्य घालवतात. मी विजयाने उभे राहायला हवे होते, पण बसूनच राहिले. ज्यांना मी सहाशे पाने झोडपले त्यांत घरचाच माणूस निघाला. आणि ज्याचे खोटे पकडायला मी निघाले होते, त्याच्या पुतण्याच्या केसांत गवत होते.

बुधवारी सकाळी मी फेलिमला ती ओळ वाचून दाखवली. तो आधी खो खो हसला, मग हळूहळू हसायचा थांबला.

"काकाला माहीत नाही," तो म्हणाला.

"माझीच चूक झाली, फेलिम. मी होकार दिला तोच यासाठी... खोटं शोधायला. तुला सांगायला हवं होतं."

"ते मला पान दोनशे बारावरच कळलं होतं." त्याने खडूच्या अक्षरांवर ओली बोटे फिरवली. "तू सांगितलंस तर काका बहुतेक माझ्याशी बोलणार नाही. नाही सांगितलंस तर तू स्वतःशी बोलणार नाहीस. दुसरं जास्त वाईट."

"आणि तू? तू माझ्याशी बोलशील?"

तो शिळेकडे पाहत राहिला. "आधी काकाला सांग," एवढेच म्हणाला.

गुरुवार बाजाराचा दिवस. रिंगणाभोवती टोप्यांची भिंत, ओल्या गुरांची वाफ, आणि वर खोक्यात बसून मॅलकी ओ'मल्डार्न, श्वास न घेता आकडे ओतणारे. लिमुझीन जातीचा एक देखणा बैल फिरत होता. अचानक त्यांनी हातोडी आपटली.

"थांबा! याच्या आज्याचा नंबर कागदाशी जुळत नाही."

"अहो मॅलकी, बैल समोर उभा आहे की! आज्याशी काय देणंघेणं?" मालक ओरडला.

"या कागदावर मी बैल विकणार नाही. घेऊन जा घरी. पुढचा!"

बाजाराच्या खानावळीत त्यांनी माझ्यापुढे ताट सरकवले. "बोल पोरी. बेकन घे, कोबी घे. तुम्ही शिकलेली माणसं उपाशीच असता."

मी सांगितले. सांगण्याची सौम्य रीत असावी. मला ती कुणी शिकवली नव्हती.

"म्हणजे कोनाल राजा नव्हता?"

"कोनाल नव्हताच, मॅलकीकाका. जन्मलाच नाही."

त्यांनी बटाट्याचे दोन तुकडे केले, मग चार, मग आठ. खाल्ला एकही नाही. "आणि हे लिहिलं कुणी?"

"आमच्याच माणसानं. तीन गाईंसाठी." मी समासातली ओळ वाचून दाखवली.

"भाकड गाय दिली?" त्यांच्या मिशीला क्षणभर कंप आला. "मग देणारा आमचाच. ती खोड अजून घरात आहे." आणि मग, कुणी दिवा मालवावा तसा तो चेहरा विझला. "माझा बाप बाराव्या वर्षी मजुरांच्या बाजारात उभा होता, माहितेय? शेतकरी यायचे, दंड चाचपून बघायचे. शाळेत पोरं मला विचारायची, तुझ्या बापाला केवढ्याला घेतला रे? पन्नास वर्षं मी त्या खोक्यात वर बसतोय. तरी खालून कुणी हसलं की वाटतं, मलाच विचारतायत." त्यांनी काटा खाली ठेवला. "मला एक राजा हवा होता, पोरी. मोठा नको होता. लहानसा चालला असता."

मी पुढ्यातले ताट बाजूला सरकवले.

"तो बैल का नाही विकलात?" शेवटी मी विचारले.

"ते वेगळं."

"कसं?"

मी एक घडी घातलेला कागद ताटाजवळ ठेवला. "ही तुमची वंशावळ. जेवढी खरी सापडली तेवढी. पाच नावं आहेत. शेवटचं बाईचं आहे."

त्यांनी कागद उघडला नाही. टोपी घातली, उठले. "रविवारी ये. काय म्हणायचं ते तुझं तू ठरव." चार पावले गेले, परत आले, कागद उचलून खिशात कोंबला आणि रिंगणाकडे निघून गेले.

शुक्रवारी फेलिम आला नाही. शनिवारी मी कार्यशाळेपाशी जाऊन आले. दार आतून बंद. आत ठोके चालू होते. मी दारावर हात ठेवला... आणि काढून घेतला. ज्याला उत्तर द्यायचे नसते तोही हातोडी चालवू शकतो. घरी परतताना मी त्या बिननावाच्या शेतावरून गेले, आणि प्रथमच मला तिथे राग आला नाही. नुसतेच एकटे वाटले.

रविवारी टुलीनारीवर पाऊस आडवा येत होता. तीनशे ओ'मल्डार्न रंगीबेरंगी रेनकोटांत उभे. बॉस्टनच्या एका कुटुंबाने कोनालच्या नावाचे टी-शर्ट घातलेले. मधोमध ताडपत्रीखाली शिळा. तिच्या एका बाजूला मॅलकीकाका, जुन्या जाड ट्वीडच्या कोटात, चेहरा दगडी. दुसऱ्या बाजूला फेलिम, डोळे लाल, नखांत भुकटी. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

प्रथेप्रमाणे मी शिळेसमोरच्या लहानशा चौथऱ्यावर चढले. हातातला कागद भिजून लगदा झाला होता, पण त्याची गरज नव्हती. खोटे म्हटले असते तर तीनशे माणसे सुखाने घरी गेली असती. खरे म्हटले तर एक म्हातारा सगळ्यांदेखत पुन्हा त्या मजुरांच्या बाजारात उभा राहणार होता. आणि ज्याच्यासाठी मी आयुष्यात प्रथमच खोटे बोलण्याचा विचार केला, तो पाच हातांवर उभा राहून पाऊस पाहत होता.

मी आवाज लावला.

"मॅलकी, पॅकीचा मुलगा. पॅकी, जो बाराव्या वर्षी मजुरांच्या बाजारात उभा राहिला आणि ज्यानं कुणाचं देणं ठेवलं नाही. पॅकी, फ्रॅन्सिसचा मुलगा. फ्रॅन्सिस, जो दर उन्हाळ्यात स्कॉटलंडला बटाटे काढायला जाई आणि दर हिवाळ्यात परत येई. फ्रॅन्सिस, थेडीचा मुलगा."

गर्दीत चुळबुळ झाली. "कोनाल कुठाय?" कुणीतरी कुजबुजले. मी थांबले नाही.

"थेडी, ऑनरचा मुलगा. ऑनर ओ'मल्डार्न, अठराशे सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत, तीन वर्षांच्या पोराला पाठीवर घेऊन अकरा मैल चालत किलाव्हॉनच्या गरीबखान्यात आली. बाप्तिस्म्याच्या वहीत बापाचं नाव नाही. पोरानं आईचंच आडनाव लावलं. तुमचं आडनाव त्याच्याकडून आलं आहे, म्हणजे तिच्याकडून. नऊ दिवसांनी ती वारली. पोरगा जगला. त्यापलीकडे कागद नाही. त्यापलीकडचं मी म्हणणार नाही."

मॅलकीकाका हळूहळू शिळेपाशी गेले आणि त्यांनी ताडपत्री ओढली.

कोनाल नव्हता. त्या करड्या दगडावर, दोन ओळींत, एकच नाव होते: ऑनर ओ'मल्डार्न. 'आर'चा पाय झोकात टाकलेला, कुठेतरी निघालेल्या माणसासारखा. आणि अगदी खाली, कोपऱ्यात, अंगठ्याएवढी एक गाय. कास सपाट.

"शुक्रवारी सकाळी हा माझ्याकडे नाही, मी याच्याकडे गेलो होतो," काका गर्दीला म्हणाले. लिलावातला तो आवाज टेकडीभर पोहोचला. "म्हटलं, बाईचं नाव कोर. पन्नास वर्षं मी खोट्या कागदावर जनावर विकलं नाही. मग स्वतःला का विकू? आणि अकरा मैल! पाठीवर पोर घेऊन! कुठला राजा चालला असता रे एवढं?"

आधी बॉस्टनवाल्या म्हातारीने टाळी वाजवली. मग सगळी टेकडीच वाजू लागली. काका माझ्यापुढे आले, अंगातला कोट काढला आणि माझ्या खांद्यांवर टाकला. त्याला गुरांचा आणि पेपरमिंटचा वास होता, आणि तो माझ्या गुडघ्यांपर्यंत आला.

"प्रथा म्हणजे प्रथा," ते भिजत म्हणाले. "घोडा मात्र माझ्याकडे नाही गं."

"आहे," मागून आवाज आला. फेलिमने किल्ल्या उंच धरून वाजवल्या. दाट पावसातही तो हसतो आहे हे दिसत होते. "पांढरा आहे. एक आरसा फुटलाय. चढावर खोकतो."

मी खाली उतरले. तो समोर होता.

"दार बंद ठेवलंस," मी म्हटले.

"दिवसाला सहा-सात अक्षरं होतात, डर्व्हला. तू आत आली असतीस तर एकही झालं नसतं."

"मला वाटलं, तू..."

"माहितेय काय वाटलं. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढलास. पान दोनशे बारावर तू त्या भिक्षूला याच्यासाठीच झोडपलंस."

फेलिमच्या व्हॅनमध्ये काचांवर वाफ धरली होती. मंडळाच्या पेटीत ठेवायचा वंशावळीचा कोरा दाखला मी मांडीवर घेतला. पाच नावे लिहिली, खाली सही केली. फेलिम स्टिअरिंगवर हात ठेवून वाट पाहत होता; इंजिन चालू केले नव्हते.

"झालं?" त्याने विचारले.

"एक ओळ राहिली."

मी पेन्सिल घेतली आणि समासात, बारीक अक्षरांत लिहिले. मग कागद त्याच्याकडे सरकवून खिडकीबाहेर पाहू लागले, जिथे वाफेमुळे काहीच दिसत नव्हते.

त्याने वाचले: 'मी, डर्व्हला मॅकनॉला, हे टुलीनारीवर पावसात लिहिले. यात एकही राजा नाही. हात गारठले आहेत. ज्याच्या घोड्यात बसून लिहिते आहे, त्याच्यावर माझे प्रेम आहे. पुरावा मागाहून जोडीन.'

मग त्याने माझ्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली, आणि बोटे मात्र परत दिली नाहीत. कागद गुडघ्यावर धरून, दगडावर कोरावे तसे एकेक अक्षर जपत, त्याने माझ्या ओळीखाली लिहिले:

'तीन गाई पोहोचत्या करतो. तिन्ही दुभत्या.'